हवा भरण्याआधी

मी साताऱ्यात कॉलेजला होतो तेव्हा मामांकडे राहायचो. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, तेही डिक्शनरी मांडीवर घेऊन. मामा एका मालकाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. जुन्या ट्रकची बॅटरी कायम मेलेली. म्हणून गाडी उतारावर लावायची, सकाळी तशीच सोडायची आणि वेग आला की गिअर टाकून इंजिन चालू करायचं, ही त्यांची सवय. पुढे मालकानं हवेच्या ब्रेकचा ट्रक घेतला. तोही वापरलेला, बॅटरी तशीच. मामांची सवयही तशीच राहिली.

मेढ्याजवळ एका सकाळी त्यांनी पोत्यांनी भरलेली गाडी उतारावर सोडली. इंजिन चालू झालं नाही. वळणाशी त्यांनी ब्रेक दाबला, तर पाय नुसता खाली गेला. हातब्रेकनं गाडी जराशी अडली आणि गवताच्या गंजीत घुसून थांबली. कोणाला लागलं नाही. पोलिसांनी ‘ब्रेक फेल’ लिहून घेतलं. मामांचं लायसन राहणार की जाणार, हे आता मोटार इन्स्पेक्टर ठरवणार होते.

मालकानं गॅरेजात तपासून घेतलं. ब्रेक उत्तम. मामा चिडले, “म्या दाबला तवा लागला न्हाई, मग उत्तम कसा?”

मी कॉलेजातून मोटारींच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक आणलं. ब्रेक सदैव कामाच्या स्थितीत असावेत, अशा अर्थाचं एक वाक्य सापडलं.

“सदैव म्हंजे इंजिन बंद असताना बी, व्हय का न्हाई?” मामा म्हणाले. “मग दोष गाडीचा.”

तसंही वाचता येत होतं, आणि मलाही तोच अर्थ हवा होता. पण त्या ब्रेकची हवा रात्रीत निघून जाते आणि इंजिन चालू झाल्यावरच पुन्हा भरते, हे मामांनीच मला सांगितलं होतं.

“मामा, माझं चुकतही असेल,” मी म्हणालो. “पण हवा भरण्याआधी गाडी सोडली, म्हणजे ब्रेक नसतानाच सोडली. मला तरी असाच अर्थ लागतो.”

मामी चुलीपुढून कडाडली, “आला मोठा वकील! आवं, त्याचं काय ऐकताय? लायसन गेलं तर खायाचं काय?”

मामा म्हणाले, “त्या वळणाखाली शाळा हाय गं.”

इन्स्पेक्टरसाहेबांपुढे त्यांनी टोपी काढली. “ब्रेक फेल न्हाई, साहेब. हवाच नव्हती. बॅटरीपायी म्या गाडी उतारावर सोडली.”

साहेब शेजारी उभ्या मालकाकडे वळले. “मेलेल्या बॅटरीची गाडी दिलीत कशी?”

“सगळेच देतात, साहेब.”

“मग सगळ्यांना सांगा, नियमात मालकही येतो.”

नवी बॅटरी बसेपर्यंत ट्रक अडकवून ठेवला. मामांचं लायसन मात्र काही महिने जमा झालं.

त्या दिवसांत मामा बाजारात पोती उचलायचे. मामी मला वाढायची, पण बोलायची नाही. एकदा जेवताना तिनं विचारलं, “खरंच दुसरा अर्थ निघत नव्हता व्हय रं?”

“निघत होता, मामी.”

तिचा हात टोपलीवरच थांबला. मामांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“वाढ की त्याला भाकरी,” ते म्हणाले. “वाचून वाचून पार वाळलाय गडी.”