तुझ्या आईला कावीळ नव्हती

समोर असतीस तर म्हटलं असतं, इकडे ये गं, अशी जवळ बस. तीन आठवडे झाले, मावशीचा फोन उचलत नाहीस. शोभतं का हे? थांब, लिहूनच पाठवते. लिहिलेलं काही मध्येच कट करता येत नाही.

माझ्या छातीतली गाठ काढली, औषधं झाली, इथवर तुला माहीत आहे. त्यानंतर नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर आपलं घराणं काढलं. बायका गोल, पुरुष चौकोन. "आजी, घरात आणखी कुणाला कॅन्सर?"

"छे! आमच्याकडे असलं काही नाही." जीभ सरावलेली ना! तुझी आई गेली तेव्हा आम्ही सगळ्यांनी ठरवून कावीळ सांगितली. घरात लग्नाच्या पोरी होत्या, तू चार वर्षांची. उद्या हिला कोण करून घेईल, म्हणून.

"बहीण किती वर्षांची होती?"

"एकतीस."

"आणि नुसत्या काविळीनं गेली?" बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला फसवा, चालेल. पण तिच्या गोलाखाली हा एक छोटा गोल आहे. तिचं काय?"

तो छोटा गोल म्हणजे तू. मग सांगितलं सगळं, रडत रडत.

माझं रक्त तपासलं, त्यात जन्मापासूनचा बिघाड निघाला. बिघाड म्हणजे काय, ते मी खोदखोदून विचारलं. बाई म्हणाल्या, प्रथिनं कशी बनवायची ते पेशीत लिहिलेलं असतं. प्रथिन आधी दोऱ्यासारखं लांब निघतं, त्याची ठरल्यासारखी घडी पडली तरच ते कामाचं. त्यातलं एक प्रथिन पहारेकरी. बिघडलेल्या पेशीला ते वाढू देत नाही. आपल्याकडे त्याच्या लिखाणात एक अक्षर चुकलंय, म्हणून त्याची घडीच चुकते.

मी म्हटलं, कळलं! ओझरच्या पुढे पॅकहाऊसला मी द्राक्षांसाठी पुठ्ठ्याच्या पेट्या वळायचे. एकदा साच्यातच घडीची रेघ चुकून आली. पुठ्ठा तोच, हात तेच, पेटी मात्र तिरकी. त्या तिरक्या एकमेकींत अडकल्या आणि थप्पीतल्या चांगल्या पेट्यांनाही घेऊन बसल्या.

"अगदी तसंच, आजी. चुकलेल्यांचा गोळा होतो, चांगलीही त्यात अडकतात. मग पहाऱ्याला कुणी उरत नाही आणि बिघडलेली पेशी वाढत सुटते."

"मग सोडवा की तो गोळा!"

"प्रयत्न चाललेत. खात्रीचं औषध अजून हातात नाही."

तुझ्या आईतही हेच असणार, असं बाईंना वाटतं. तसं असेल, तर तुझ्यात येण्याची शक्यता अर्धी. आलं म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही, पण मग नेमानं तपासण्या करायच्या. लवकर सापडलं तर इलाज सोपा. न सांगता कसं चालणार होतं?

तू कंपनीतून सुटलीस तेव्हा फोन केला. "म्हणजे आईला कावीळ नव्हती?"

"नव्हती."

मग तू म्हणालीस, "शाळेच्या सहलीतसुद्धा मला उसाचा रस पिऊ दिला नाहीस, मावशी. कावीळ होईल म्हणून!" आणि फोन बंद.

रागव बाई, तुझा हक्कच आहे. ते खोटं तुझ्यासाठीच होतं असंही म्हणणार नाही. निम्मं घराच्या अब्रूसाठी होतं. तपासणीला रक्त द्यायचं की नाही, ते तू ठरव. बाई म्हणाल्या, जबरदस्ती कुणाची नाही. पण एकटीनं सिन्नरच्या खोलीत बसून ठरवू नकोस. तुझ्या आईला गाठ कधी लागली, तिनं ती कुणाकुणापासून लपवली, शेवटी तुझ्याबद्दल काय बोलली, हे सांगणारी आता मी एकटीच उरले आहे. एसटीनं ये, जीपनं ये, भांडायला म्हणून ये. पण याच आठवड्यात ये गं.