टेबलाखालची वायर

आत्या दिवसभर लोकांना श्वास रोखायला लावायची. दवाखान्यात एक्स-रे काढायची ती. "श्वास घ्या, धरा, हलू नका, सोडा," हे तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की दूध उतू जायला लागलं तरी ती पातेल्यालाच "हलू नका" म्हणायची, असं तिची वहिनी सांगते. लग्न केलं नाही. भावाच्या घराला लागून दोन खोल्यांत राहिली आणि भावाच्या मुलीला अंगाखांद्यावर खेळवलं. भाचीची आत्या म्हणून सगळ्यांचीच आत्या झाली. दवाखान्यातले डॉक्टरही तिला आत्याच म्हणत.

तर या आत्याने पन्नाशी उलटल्यावर डीजेचा क्लास लावला, आणि भावाला हसायला आयतं कारण मिळालं. त्याचं टाइल्सचं दुकान. जगात आपल्याला कळत नाही अशी गोष्टच नाही, असा त्याचा थाट. "बटण दाबायला क्लास कशाला लागतो? मशीनच करतं सगळं," म्हणाला. ज्याला स्वतःच्या फोनचा आवाज कमी करायला बायकोला हाक मारावी लागते, त्याने हे बोलावं!

क्लास चपलांच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. शिकवणारा तिच्या निम्म्या वयाचा, पण ती त्याला मास्तर म्हणायची. दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणारं एक बटण मशीनवर असतं. मास्तरने पहिल्याच दिवशी त्याच्यावर चिकटपट्टी लावून टाकली आणि वेगाचे आकडे दिसतात त्या पडद्यासमोर पुठ्ठा उभा केला. "आधी कान तयार करा, मग बटण," म्हणाला. एक गाणं खोलीत मोठ्याने चालू, दुसरं फक्त आपल्या हेडफोनमध्ये. दुसऱ्याचा वेग जरा वाढवायचा, जरा कमी करायचा, आणि दोघांचे ठोके एकावर एक बसले की मगच त्याच्या आवाजाची दांडी वर सरकवून ते लोकांना ऐकू द्यायचं.

ऐकायला सोपं आहे. करायला बसा म्हणजे कळेल. आत्याची गाणी कितीतरी दिवस एकमेकांच्या पायात पाय घालून पडत होती. जिन्यावरून पातेली गडगडावीत तसा आवाज व्हायचा. त्यात एक चूक ती हटकून करायची. हेडफोनमधलं गाणं मागे पडलं की घाबरून तिचा हात बाहेर चाललेल्या गाण्यावर जायचा, आणि ती त्यालाच हळू करायची.

"आत्या, लोक ज्याच्यावर नाचतायत त्याला हात लावायचा नाही," मास्तर कपाळावर हात मारून घ्यायचा. "जे नवीन येतंय त्याने जुळवून घ्यायचं."

"सुनेसारखं?" आत्या विचारायची.

पण जमत गेलं तसा तिला चस्का लागला. दोन गाण्यांचे खर्ज एकत्र वाजले की नुसता गाळ होतो, म्हणून जाणाऱ्याचा खर्ज काढून घेऊन येणाऱ्याचा भरायचा, हे तिला जमलं. जुन्या गाण्यातली एखादीच ओळ पकडून नव्या ठेक्यावर फिरवत ठेवणं, हेही जमलं. मास्तर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा, मान वर ठेवा. मशीनकडे नाही, माणसांकडे बघा. दमलेत की रंगात आलेत, ते बघूनच पुढचं गाणं आत्ता आणायचं की जरा थांबायचं ते ठरतं. घरी सरावाला आत्याने एक मशीन घेतलं होतं, पण समोर बघायला माणसं कुठली? वहिनी भाजी निवडत बसायची. तिच्या मानेकडे बघून आत्या गाणी बदलायची.

मग भाचीचं लग्न ठरलं. "पार्टीत पहिला तास आत्या वाजवणार," असं भाचीनेच स्वतःहून सगळ्यांसमोर सांगितलं. भाऊ गप्प बसला. तिथेच पाणी कुठेतरी मुरतंय हे ओळखायला हवं होतं, पण आत्याला आनंदापुढे काही दिसत नव्हतं. तिने तासाभराची गाणी बसवली, घरी रेकॉर्ड केली आणि कशी वाटतायत ते ऐकायला भाचीला दिली. सगळे कपडे घेत होते, हिने हेडफोन घेतले.

पार्टीच्या संध्याकाळी आत्या आपलं मशीन पोटाशी धरून हॉलमध्ये आली. भावाने आणलेला साउंडवाला अगदी अदबीने वागला. मशीन घेतलं, वायरी जोडल्या, शेजारी आपला लॅपटॉप ठेवला. "ताई, तुम्ही बिनधास्त सुरू करा. बाहेरचा आवाज मी सांभाळतो," म्हणाला. आत्याने हेडफोन कानाला लावले. तिने पहिलं गाणं सुरू केलं आणि हॉल दणाणला.

माणसं उठली. आधी भाचीच्या मैत्रिणी, मग जावई, आणि मग चक्क विहीणबाई सँडल बाजूला काढून नाचायला आल्या. आत्या मान वर करून बघत होती. दुसरं गाणं हेडफोनमध्ये तयार होतं, ठोक्याला ठोका बसला होता. पण विहीणबाई आत्ता कुठे रंगात येत होत्या. एक कडवं आणखी जाऊ दे, असं ठरवून आत्याने हात मागे घेतला.

आणि हॉलमध्ये दुसरं गाणं सुरू झालं.

अगदी मऊ, अगदी जुळून आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत्याला वाटलं, चुकून आपणच काहीतरी दाबलं. तिने बघितलं तर दांडी खालीच होती. तिने पहिल्या गाण्याची दांडीही खाली ओढली. गाणं चालूच. मग ती टेबलाखाली वाकली. तिच्या मशीनमधून स्पीकरकडे जायची वायर तिथे नीट गुंडाळून, वर टेप लावून ठेवली होती. वाजत होतं ते लॅपटॉपमधून. तिचंच घरचं रेकॉर्डिंग.

"ताई, माझ्यावर रागावू नका," साउंडवाला पुटपुटला. "साहेबांनीच सांगितलं होतं."

संताप संताप म्हणतात तो हाच. नको म्हणायचं होतं तर सरळ नको म्हणायचं. ती रडली असती, घरी जाऊन, दार लावून. पण हिला इथे शोभेची बाहुली करून उभं करायचं, खोट्या मशीनवर हात फिरवायला लावायचे आणि वर लोकांकडून टाळ्याही मिळवून द्यायच्या? आत्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि ती सरळ नाचणाऱ्यांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. गाणं वाजतच होतं. एकेकाचे पाय थांबले. विहीणबाईंनी रिकाम्या टेबलाकडे बघितलं आणि विचारलं, "मग वाजवतंय कोण?"

भाऊ लगबगीने आला. "तिकडे जाऊन उभी राहा. लोक बघतायत."

"बघू दे."

"अगं, तुझं हसं होऊ नये म्हणून केलं. व्याही मंडळी आहेत. आणि तुझंच तर आहे ते सगळं."

"माझं आहे म्हणूनच चीड येतेय. मी चुकले असते तर मी चुकले असते. तुझं काय जात होतं?"

भाऊ टाइल्सच्या गिऱ्हाइकाशी हसावं तसं व्याह्यांकडे बघून हसला. आत्या भाचीकडे वळली. "रेकॉर्डिंग तुझ्याकडे होतं."

भाचीने मान खाली घातली. "मला माहीत होतं, आत्या. बाबा म्हणाले, तुला कळणारच नाही."

भावाचं एक वेळ ठीक, त्याची खोडच ती. पण हे ऐकून आत्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती टेबलाशी गेली, वायरीवरचा टेप नखाने सोलून काढला, लॅपटॉपची वायर उपटली आणि आपली लावली. गाणं मध्येच तुटलं. साउंडवाल्याने भावाकडे बघितलं, आणि मग बघणं सोडून दिलं.

आत्याने गाणं लावलं. थोडी माणसं परत आली, बरीचशी नुसतीच बघत उभी होती. पुढचं गाणं आत आणताना ठोके घसरले, पातेली गडगडली, कोणीतरी फिसकन हसलं. भावाने "बघा, मी म्हणत नव्हतो" अशा तोंडाने चौफेर बघितलं. आत्याचा हात सवयीने बाहेरच्या गाण्याकडे निघाला होता. तो तिने आवरला, नव्या गाण्याला हलकासा धक्का दिला, आणखी एक दिला, आणि ते बसलं. विहीणबाईंनी पुन्हा हात वर केले.

तेवढ्यात भाची टेबलाजवळ येऊन तिला खेटून उभी राहिली. तिचे गाल ओले होते. "आत्या, मी इथेच थांबते तुझ्याजवळ."

"इथे नको थांबूस," आत्या मान वर न करता म्हणाली. मग तिने मान वर केली. "समोर जा. तू नाचताना मला दिसायला हवीस, त्याशिवाय पुढचं गाणं कधी आणायचं ते कसं कळणार मला?"

भाची समोर गेली आणि नाचायला लागली. भावाशी मात्र आत्या त्या दिवसापासून बोलत नाही, आणि बरोबरच करते.