राम दमतो

चहा केव्हाच थंड झालाय आणि वह्यांचा गठ्ठा अजून अर्धाही झालेला नाही. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. काल ‘गेट टायर्ड’ शिकवलं, म्हणजे दमणं, आणि रोजच्या बोलण्यातली पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली.

आतापर्यंतच्या सगळ्या वह्यांत रामच दमलाय. राम जिना चढून दमतो, राम बाजारातून येऊन दमतो. शाळेत प्रत्येक वाक्यात रामच आंबा खायचा, रामच नदीवर जायचा. ती सवय अजून सुटलेली नाही.

पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या सुमनताईंनी तर लिहिलंय, राम पोळ्या लाटून दमतो. आज वही घेतानाच ते माझ्या नजरेला पडलं. म्हटलं, “ताई, पोळ्या तुम्ही लाटता. मग ‘मी दमते’ लिहा की.”

त्या मनगट चोळत हसल्या. “असू दे मॅडम. मी दमले म्हटलं की घरचे विचारतात, मग जेवणाचं काय? रामाला कोणी विचारत नाही.”

आता त्या वाक्यावर लाल पेन टेकवून बसले आहे. चूक काढायला जागाच नाही. किती जणींच्या वाटचं दमतो हा बिचारा.

“दमलीस का गं?” आतून नवऱ्याने विचारलं.

“छे, कुठे,” मी म्हणाले, आणि रामाच्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.