पंधरवड्यातलं कुलूप

नाशिकरोडच्या सुवर्णाताई खैरनार कुठल्या खात्यात नोकरीला नव्हत्या, तरी बायका त्यांना 'ऑफिसवाल्या ताई' म्हणायच्या. त्यांचं काम एकच. धंदा करू पाहणाऱ्या बाईला शिकवतं कोण, यंत्राला मदत कोण देतं, माल विकायला हात कोण लावतं, याची त्या पुस्तिका तयार करत. महिला मंडळ ती छापायचं आणि बचत गटांना वाटायचं.

मोबाईलवर अशा योजना ढीगभर सापडतात. पण जाऊन बघावं तर निम्म्या कधीच मेलेल्या. ताईंनी हे स्वतः भोगलं होतं. तरुणपणी मसाल्याचा धंदा काढायचा म्हणून सासऱ्यांची मनधरणी करून त्या सातपूरला एका प्रशिक्षणाला गेल्या. पाटी जागेवर होती, आत मात्र टायरांचं गोडाऊन. घरी आल्यावर सासरे एवढंच म्हणाले, "झाली हौस?" मसाल्याचं नाव पुन्हा त्या घरात निघालं नाही.

म्हणून पुस्तिकेचा नियम कडक. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि माणसाशी बोलल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही. नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले यजमान चिडवायचे, "तू वर गेलीस तरी दारात विचारशील, देव आहेत का जागेवर, की जेवायला गेलेत?"

"विचारीनच," ताई म्हणायच्या. "एवढं लांब जायचं आणि कुलूप बघून परत यायचं का?"

मखमलाबादकडची छाया त्यांना मंडळात भेटली. घरचा झेंडूचा मळा. दसऱ्याला फुलं सोन्यासारखी, आणि भाव पडला की तीच उकिरड्यावर. त्या उकिरड्याकडे बघून छायाला वाईट वाटायचं. "देवाला जाणारं फूल हाय ताई, असं पायाखाली जातं." पिंपळगाव बसवंतजवळ एक शेड निघाल्याचं तिनं फूलबाजारात ऐकलं. उरलेल्या फुलांपासून अगरबत्ती करायला शिकवतात आणि वर्षभर यंत्रं वापरू देतात म्हणे. इकडे थोरल्या दिरांनी घाई लावलेली, की एवढ्या मळ्यात दोन कुटुंबं कशाला, तू आणि महेश मनमाडला जा, स्टेशनबाहेर ओळखीच्या माणसाची खानावळ आहे. छायानं दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. शेडमध्ये जागा मिळाली तर ती राहणार, नाहीतर जाणार.

"तुम्ही बघून या ना ताई. तुम्ही सांगाल ते खरं."

ताई गेल्या. शेडला कुलूप. दारावरचा हार वाळून काडी झालेला. समोरचा चहावाला म्हणाला, "कोणी फिरकत नाय इकडं." पाटीवरचा नंबर लावला, घंटा वाजत राहिली. पाच-सहा दिवसांनी ताई पुन्हा गेल्या, तेव्हाही तेच कुलूप. मग त्यांनी कच्च्या प्रतीत त्या नावापुढे 'बंद' लिहिलं.

छायानं एकदाच विचारलं, "नक्की ना ताई?"

"अगं, मी स्वतः दोनदा कुलूप बघून आले."

छाया मान हलवून गेली.

पुस्तिकेची बाकी पानं तयार होती, पण ताईंनी ती छापायला दिली नाही. पितृपंधरवडा चालू होता. शुभ काम पितरांत कसं सुरू करायचं? घटस्थापनेला देवीपुढे प्रत ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि मग छापखान्यात धाडली. दिवाळी झाली. छाया आणि तिचा नवरा महेश मनमाडला गेले.

तुळशीच्या लग्नाला शेजारच्या मनीषानं ताईंच्या हातात अगरबत्तीचा पुडा ठेवला. "माझ्या नणंदेनं केल्यात. लावून बघा, झेंडूचा वास येतो."

ताईंनी पुडा उलटा केला. मागे पिंपळगावच्या त्या शेडचा पत्ता होता.

"मनीषा, ती शेड तर बंद आहे ना?"

"बंद कशी असेल? नणंद रोज जाते की."

ताईंनी तिथूनच फोन लावला. पहिल्याच घंटेला शेडच्या माणसानं उचलला. "अहो ताई, गणपतीत नुसती पूजा करून हार घातला होता, चालू केलं ते घटस्थापनेला. पितरांत कोण नवं काम सुरू करतं? मीही गावी गेलो होतो, वडलांचं पान घालायला. फोन घरीच पडला होता. जागा? त्या दसऱ्यालाच भरल्या."

अंगणात मंगलाष्टकं चालली होती. बायका तुळशीवर अक्षता टाकत होत्या. ताईंच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. आपण स्वतः छापखान्याची पायरी चढलो नाही त्या दिवसांत, आणि दुसऱ्याच्या दाराला कुलूप बघून ते दार मेलं म्हणून लिहिलं. आपण पाळतो ते समोरचाही पाळत असेल, एवढं साधं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या गाडीनं मनमाडला गेल्या. खानावळीच्या मागच्या बाजूला छाया चपात्या लाटत होती. कपाळावर पीठ.

"अगबाई, ताई! इकडं कुठं?"

"तुझ्याकडेच आले."

ताईंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. छाया ऐकत राहिली. तव्यावरची चपाती करपली, तिनं ती उचलून बाजूला टाकली.

"मी इचारलं होतं ना तुमाला? नक्की का म्हणून?"

"हो गं."

"तुमी खोटं नाय बोलल्या. कुलूप तर होतंच." ती थोडं हसली, आणि ते हसू ताईंना रडण्यापेक्षा जड गेलं. "आपणबी पितरांत नवी चूल मांडत नाय. माझ्याबी डोक्यात यायला पायजे होतं."

"पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघतील. मी तुझ्यासाठी..."

"कुठं येऊ ताई? झेंडू उपटला. दिरानं द्राक्षाचे खांब रोवले तिथं."

तेवढ्यात पुढून आवाज आला, "छायाबाई, चपात्या!" ती ढीग देऊन आली. ताई निघाल्या तसं तिनं त्यांना थांबवलं. शेजारीच तिची खोली होती. आतून तांदूळ आणि सुपारी आणून तिनं ताईंची ओटी भरली. "नव्या घरी पयल्यांदाच आल्या. तशा कशा जाल?"

ताई पदर पसरून उभ्या राहिल्या. नको म्हणता येत नव्हतं, आणि घेववतही नव्हतं. गाडीत बसल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली नाही. घरी आल्यावर ते तांदूळ देवापुढच्या वाटीत ठेवले. शिजवायचा धीर त्यांना कधी झाला नाही.

आता पुस्तिकेत 'बंद' हा शब्द नाही. कधी गेलो, कोण भेटलं, काय दिसलं, तेवढंच लिहिलेलं असतं, आणि खाली 'तुम्हीही एकदा विचारा'. पितृपंधरवड्यात ताई कुणाचंच दार तपासायला जात नाहीत.

या वर्षी घटस्थापनेला दिवा लावून त्यांनी आधी शेडवाल्यांना फोन केला. "एक जागा छायासाठी धरून ठेवा." मग छायाला लावला. मागे भांड्यांचा गलका होता.

"ताई, हात पिठात हाय. सवडीनं करते फोन."

सवड काही झाली नाही. ताईंनी मधे दोनदा लावला, कुणी उचलला नाही. या वेळी मात्र त्यांनी त्यावरून काही ठरवलं नाही. त्या वाट बघत राहिल्या.

दसऱ्याला संध्याकाळी फोन वाजला, तो शेडवाल्यांचा. "ताई, एक बाई दारात उभी आहे. ती जागा देऊ का हिला?"

इकडे घरच्या दारात सोनं द्यायला कॉलनीतली माणसं आली होती. ताईंच्या हातात आपट्याची पानं होती. चौकटीवरचा झेंडू सकाळीच बाजारातून आणलेला.

"कुठली आहे हो ती?" त्यांनी विचारलं.

"ओझरची. फुलंच आहेत घरची."

"द्या तिला," ताई म्हणाल्या, आणि पानं हातात तशीच धरून देवघराकडे वळल्या.