शेजूळ मॅडमचा एक्स-रे

शेजूळ मॅडमची आणि माझी पहिली भेट मुलाखतीच्या खोलीत झाली. छातीचे एक्स-रे पाहून क्षयरोग ओळखायला संगणकाला शिकवायचं, असा विद्यापीठात त्यांचा प्रकल्प होता आणि त्यात संशोधन सहायकाची वर्षभराची जागा निघाली होती. नव्वदचं दशक सरत आलेलं. ही कसली नोकरी, हे माझ्या गावी, तीर्थपुरीत, मला कुणालाच समजावता आलं नव्हतं. मी चाचरत इंग्रजी सुरू केलं. मॅडमही आमच्याच भागातल्या, मूळच्या भोकरदनच्या. हसून म्हणाल्या, "आपल्या भाषेत सांग की. गणित बराबर आलं म्हंजे झालं." जागा मला मिळाली.

क्षयरोग्यांचे एक्स-रे आमच्याकडच्या घनसावंगीच्या तपासणी शिबिरातून येत, आणि निरोगी माणसांचे म्हणून शहरातल्या विद्यार्थ्यांचे घेत. एकेक फिल्म स्कॅन करून संगणकाला 'हा आजारी, हा निरोगी' असं सांगत राहायचं आणि मग नव्या फिल्मवर त्याची परीक्षा घ्यायची. काही महिन्यांत पठ्ठ्या चुकेचना! आम्ही हवेत तरंगत होतो. याच निकालावर प्रकल्पाची मुदतवाढ आणि माझी नोकरी अवलंबून होती, आणि मी तर लग्नाला होकार कळवून मोकळा झालो होतो.

मॅडमना मात्र चैन पडेना. "येवढं सोपं असतं व्हय?" म्हणत त्यांनी शिबिरात जाऊन स्वतःचाच एक्स-रे काढून आणला. संगणकानं बेधडक सांगितलं, क्षयरोग. मी फिल्म घेऊन डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टरांनी फिल्म पाहिली तर फुप्फुसं ठणठणीत. मॅडमनी ती उजेडावर धरली आणि त्या पोट धरून हसत सुटल्या. गळ्याशी पांढरा ठिपका होता. "अरे, हा माझा ताईत! आईनं बांधलेला. मशीन ताईत वळखून राह्यलं की!"

आमच्याकडे आजारी माणसाच्या गळ्यात ताईत असायचाच. तो काढायला लावला तर घरचे भांडायला उठतील, म्हणून शिबिरात कुणी तसं सांगतच नसे. शहरात मात्र विद्यार्थ्यांच्या गळ्यातलं सगळं काढून ठेवायला लावत.

विभागातल्या काहींनी सुचवलं, अहवाल आहे तसा पाठवा, दुरुस्ती नंतर करू. मॅडमनी साफ नकार दिला. "उद्या बिनताईताचा आजारी माणूस आला, तर हे त्याला चांगला हाय म्हणून घरी धाडंल. चालंल का?"

त्यांनी मुदतवाढ देणाऱ्या समितीला सगळं जसंच्या तसं कळवलं आणि त्या शिबिरात जाऊन बसल्या. बायाबापड्यांसमोर आधी स्वतःचा ताईत उतरवला. "घ्या, मी बी काढला. हातात धरा, न्हाई कुठं जात." मग एकेक गळा मोकळा झाला. नव्या फिल्मवर शिकलेला संगणक पुष्कळ चुकायचा. तरीही समितीनं मुदतवाढ दिली, आणि माझा जीव भांड्यात पडला.

मॅडम माझ्या लग्नाला तीर्थपुरीला आल्या. सासऱ्यांनी जावयाची नोकरी नेमकी काय, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "मशीनला शिकवतो. अजून चुकतं ते, पण आता बराबर जागी बघतं." माझं काम इतक्या नेमकेपणानं मलाही कधी सांगता आलेलं नाही.

आज साठीतही एखाद्या विद्यार्थ्यानं बिनचूक निकाल आणला की मॅडम आधी संशयानं चष्मा पुसतात. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि आमचे निकाल पुढ्यात घेऊन त्या अशाच वर्षानुवर्षं चष्मा पुसत राहोत.