माझ्या तोंडाचा सौदा

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि खालच्या दाढा दोन्ही अंगांच्या गेल्या होत्या. भाकरी दुधात कुस्करून गिळायची पाळी आली. कवळी मी घेणार नव्हतो. वाटीत काढून ठेवायचे दात कसले? शेवटी लेकानं माजलगावला नेलं. हाडात स्क्रू बसवून त्याच्यावर कायमची दाढ बसवायची, असं ठरलं.

तिथं कळलं, डॉक्टर दोन. दाढ बसवणारी बाई तिथलीच, स्क्रू घालणारा रविवारी बाहेरगावाहून येणार. एका दाढेला दोन माणसं काहून? माझी हयात बैलबाजारात गेली. दोन दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात आणि गिऱ्हाईक बाजूला उभं राहून त्यांची तोंडं बघतं. हे मला कोणी शिकवायला नको.

रविवारी मी खुर्चीत आडवा, तोंड वासलेलं, आणि ही दोघं माझ्या जबड्याचा फोटो उजेडाला धरून इंग्रजीत बोलायला लागली. बाई नाही नाही म्हणून मान हलवायची, तो बोट आपटायचा. मी कापूस थुंकून उठून बसलो.

"तोंड माझं हाय. सौदा मराठीत करा."

बाई हसली नाही. म्हणाली, "बाबा, सर म्हणतात जिथं हाड जाड आहे तिथं स्क्रू घालू. पण तिथं घातला तर दाढ जिभेकडं कलेल, घास नीट चावता येणार नाही. मी म्हणते, दाढेच्या मूळ जागी हाड झिजलंय, तिथं आधी हाड भरू. त्यात काही महिने जातील."

मी त्याच्याकडं बघितलं. "तुमचं वय बघून मी घाई करत होतो," तो म्हणाला. "पण दाढ त्यांना बसवायचीय. त्या सांगतील तिथंच स्क्रू."

वय काढलं ते मला लागलं. शिवाय गिऱ्हाइकापुढं खोटं भांडणारे दलालही मी लई पाहिलेत. विचार करून सांगतो म्हणालो, फोटो मागून घेतला आणि उतरलो.

गाडीवर लेक म्हणाला, "आबा, तुमाला दात पाहिजेत का भांडण?"

"दोन्ही," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात न सांगता बीडची एसटी धरली. एका अनोळखी दातांच्या डॉक्टरपुढं फोटो ठेवून विचारलं, इथं आधी हाड भरावं लागंल का न्हाई. शेजाऱ्याचा फोटो हाय म्हणून सांगितलं, आणि गिऱ्हाईक मीच, हे कळू नये म्हणून होता होईल तेवढे ओठ मिटून बोललो.