तिच्या पायाशी येणारं पाणी

बायको जाऊन आठ महिने झाले होते आणि पावसाळा लागताच व्हॅनमधली चटई पुन्हा ओली झाली. म्हणजे पाणी ती सांडत नव्हती. हे मला कळलं तेव्हा मी लालबाग राजवाड्याच्या बाजूला गाडी उभी करून पुढच्या डाव्या सीटसमोरची रबरी चटई उचलून बघत होतो. खाली पत्र्यावर बशीभर पाणी. त्या सीटवर आठ महिन्यांत कोणी बसलेलं नव्हतं. मी बसू दिलं नव्हतं.

आधीचे दोन पावसाळे मी तिला बोललो होतो. "बाटलीचं झाकण नीट लाव की. एवढी मोठी बाई, बाटली सांभाळता येत नाही?" ती म्हणायची, "अहो, पाणी वरून येतंय. माझ्या पोटरीवर थेंब पडतो." मी म्हणायचो, "वर टप आहे, आभाळ नाही." मी चौथी शिकलेला, पण गाडीतलं मला कोणी शिकवायचं नाही, असा माझा खाक्या. मग ती बाटली न्यायचीच बंद झाली. तरी चटई ओली, आणि तरी मी बोलायचो.

ही व्हॅन पापडांची. बायको आणि गल्लीतल्या पाच जणी उडदाचे पापड करायच्या, आणि दर शनिवारी मी माल पोचवायचो, आधी सियागंजच्या ठोक बाजारात, मग महूला. ती गेल्यावर पापड चालू राहिले आणि मीही चालवत राहिलो. खरं सांगतो, आठवड्यात एकच दिवस मी दाढी करायचो, शनिवारी. बाकी दिवस कशासाठी उठायचं ते सुचत नसे.

श्रावणात महूच्या दुकानदाराने एक गठ्ठा परत केला. खालच्या पाकिटांना बुरा आला होता. पुढचं पाणी पत्र्यावरून मागे सरकून गठ्ठ्यांखाली गेलं होतं. बायकोची मैत्रीण, शेजारीण, तिच्यानंतर सगळा कारभार हीच बघते. ती सरळ ओट्यावर येऊन म्हणाली, "भाऊजी, वाईट वाटून घेऊ नका. शनिवारपासून लोडिंग रिक्षा सांगितलीय."

"का? मी मेलो काय?"

"तुम्ही नाही. पापड मेले."

"शनिवारपर्यंत गाडी कोरडी करून देतो."

"करा. मग बघू."

आधी मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "भिया, गाड़ी बूढ़ी हो गई, निकाल दो." मी म्हटलं, "बूढ़ा तो मैं भी हूँ, मुझे कौन लेगा?" तो हसला, पण हात काही लावला नाही.

मग मी माझी अक्कल चालवली. चाकाचं पाणी खालून उडून आत येत असणार असं ठरवलं आणि तळाच्या पत्र्यात एक भोक होतं ते पुट्टीने बंद केलं. दुसऱ्या दिवशी पाऊस झाला आणि बशीभराचं परातभर झालं. ते भोक पाणी बाहेर जायचं होतं. तेच मी बुजवलं होतं.

गुरुवारी सकाळी मी गाडीवर बादल्या ओतत होतो. एक ओतायची, धावत आत डोकवायचं. सगळंच ओलं, काही कळेना. शेजारीण दारात उभी राहून बघत होती.

"गळती शोधताय का आंघोळ घालताय?"

"तुम्हाला येत असेल तर या."

ती घरात गेली आणि मलमलच्या फडक्यात उडदाचं पीठ बांधून घेऊन आली. पापड लाटताना वापरतात ती पुरचुंडी. "हे आतून सगळीकडे झटका. उडदाला जरा ओल लागली की काळं पडतं. आमचं रोजचं आहे, कोणाचा हात ओला ते लगेच दिसतं. आणि पाणी ओतत खालून वर जायचं, एकेक जागा, थांबून थांबून. सगळीकडे एकदम ओतलं तर कुठून आलं कसं कळणार?"

मी चटई काढली, पत्रा पुसला, पीठ झटकलं. दारावर, काचेच्या कडेला, काच आणि दार यांच्यामधल्या खांबावर, सगळीकडे.

"आता बसा आत. मी ओतते."

मी डाव्या दाराशी उभा राहिलो.

"बसा की. सीट चावते काय?"

बसलो. वीस वर्षं गाडी चालवली, पण त्या जागी मी कधीच बसलो नव्हतो. तिथून स्टिअरिंग लांब दिसतं आणि चालवणाऱ्याचा एकच गाल दिसतो.

बाहेरून तिने दाराच्या खालच्या काठावर पाणी सोडलं. "काय?" "कोरडं." मग खिडकीचं रबर. कोरडं. पुढच्या काचेचं रबर. कोरडं. मग ती स्टुलावर चढली आणि टपाच्या कडेला जी पन्हळ असते, तिच्यात लोटा रिकामा केला. थोडा वेळ काहीच नाही. मग खांबावरच्या पिठात, अगदी वर, एक काळी रेघ दिसली. मुंगी उतरावी तशी ती खाली आली, वळणावर थबकली, आणि थेंब सुटून माझ्या पोटरीवर पडला.

"काय झालं? बोला की!"

"वरून येतंय."

"काय?"

"वरून येतंय म्हटलं!"

"मग ओरडता कायको?"

टपावरचं कॅरिअर मीच बसवलं होतं. त्याचे पाय पन्हळीत अडकवून, पान्ह्याला पाईप लावून इतके आवळले होते की पत्र्याच्या जोडावरचा पाणी अडवणारा मसाला फुटला होता. तिथून पाणी खांबात शिरत होतं. मी शेजारणीला म्हटलं, "चीर मीच पाडली आणि बोलणी तिने खाल्ली."

ती स्टुलावरून उतरली, पदराने हात पुसले. "वरून येतंय हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ती पापड लाटताना सांगायची. तुम्हाला सोडून सगळ्यांनी ऐकलं."

मी पान्हे शोधायला घरात गेलो. पान्हे बाहेर बोनेटवरच होते. आत जरा वेळ लागला. तिने हाक मारली नाही.

मग कॅरिअर काढलं, ते पुन्हा बसवलं नाही. पन्हळीतला जुना मसाला खरवडला, गंज पॉलिशपेपरने घासून पत्रा पांढरा केला. सियागंजातून सीलंटची ट्यूब आणली, साबणाच्या पाण्याचं बोट फिरवून सीलंट जोडात दाबून बसवलं, आणि वर ताडपत्री टाकली. तळातली पुट्टीही स्क्रू ड्रायव्हरने फोडून काढली.

शनिवारी सकाळी आत पुन्हा पीठ झटकलं, शेजारणीने पन्हळीत चार बादल्या ओतल्या आणि पीठ पांढरंच राहिलं. तरी म्हणाली, "सियागंजचा माल रिक्षेत. महूचा तुमच्याकडे. मी येते बरोबर."

ती डाव्या सीटवर बसली. मी गाडी सुरू केली. महूच्या वाटेवर, राऊच्या पुढे धो धो पाऊस लागला. तिने चप्पल काढून पाय उघड्या पत्र्यावर ठेवले.

"काय?"

"कोरडं."

जरा पुढे गेल्यावर पुन्हा, "काय?"

"भाऊजी, रस्त्याकडे बघा. ओलं झालं तर मी किंचाळेन, कळेल तुम्हाला."

महूच्या दुकानदाराने सगळ्यात खालच्या गठ्ठ्याखाली हात घातला, पाकीट वाजवून बघितलं, आणि माल फळीवर लावायला घेतला. शेजारणीने तिथेच उभं राहून फोन लावला.

"हाँ भिया, अगले शनिवार से मत आना. अपनी गाड़ी है."